पट्ट्याचे ट्रॅक्टर: डिअर, फेंट, क्लास की क्वाडट्रॅक?

वाफसा_बघून
मंडळी, इथे ट्रॅक्टरवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय. चारशे एचपीच्या आसपासचा रबरी पट्ट्याचा ट्रॅक्टर घ्यायचं आमच्याकडे जवळपास ठरलंय, फक्त कोणता ते ठरत नाहीये. यादीत चार नावं आहेत, जॉन डिअरचा ८आरएक्स ४१०, फेंटचा ९०० व्हेरिओ एमटी, क्लासचा अ‍ॅक्सिऑन ९६० टेरा ट्रॅक आणि केसचा क्वाडट्रॅक. जमीन भारी आणि चिकट, पाऊस पडून गेला की वाफसा यायची वाट बघत बसायचं. कामं म्हणजे खोल मशागत, रुंद पेरणीयंत्र, आणि काढणीच्या वेळी धान्याची ट्रॉली ओढायची म्हणजे डांबरी रस्त्यावर पण पळायला लागणार. माझं मन क्वाडट्रॅककडे, साहेबांचं फेंटकडे. ब्रोशर सगळ्यांची वाचून झाली, प्रत्येक ब्रोशरमध्ये तोच ट्रॅक्टर पहिला येतो. ज्यांनी चालवलेत किंवा दुरुस्त केलेत त्यांनी सांगा.

काळा_धूर
हिरवा घ्या. विषय संपला.

ग्रीसगन
@काळा_धूर फेंट पण हिरवा, क्लास पण हिरवा, डिअर तर हिरवाच. कुठला हिरवा ते तरी सांग.

काळा_धूर
पिवळ्या रिमचा हिरवा. हे पण सांगायला लागतं का.

जुनं_लोखंड
यादी बघून गंमत वाटली. चौघं एकमेकांचे स्पर्धक खरे, पण बांधणी चौघांची चार तऱ्हेची आहे, त्यामुळे नुसतं "कोणता चांगला" विचारून उत्तर निघणार नाही.

फेंट एमटी म्हणजे दोन लांब पट्टे, जुन्या चॅलेंजरचा वारस. स्टिअरिंग फिरवलं की एका बाजूचा पट्टा जोरात आणि दुसरा हळू फिरतो, त्यातून वळण. क्वाडट्रॅक म्हणजे चार त्रिकोणी पट्टे आणि मधोमध वाकणारं अंग, वळताना चारही पट्टे ओढतच राहतात. ८आरएक्सला पण चार पट्टे, पण अंग सरळ आणि पुढचे दोन छोटे पट्टे साध्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांसारखे वळतात. क्लास तर अर्धा पट्टेवाला, मागे पट्टे आणि पुढे टायर.

आता तुमच्या कामात यातलं काय महत्त्वाचं ते बघा. नुसती ओढ हवी असेल तर वाकणारा. ओळीतली पिकं, पुढची हिच (पुढे औजार जोडायची सोय), पीटीओची (इंजिनाच्या जोरावर औजार फिरवणाऱ्या दांड्याची) कामं असतील तर ८आरएक्स किंवा फेंट. रस्ता जास्त असेल तर क्लासचा विचार जरूर करा. रंग शेवटी.

वाफसा_बघून
@जुनं_लोखंड धन्यवाद, हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. ओळीतली पिकं थोडी आहेत, ओढीचं काम जास्त. रस्त्याचं सांगा ना अजून.

रिव्हर्स_गिअर
मला एक कळत नाही, पट्टाच का? आता व्हीएफ टायर आलेत, तेवढंच वजन पुष्कळ कमी हवेवर उचलतात, शेतात हवा कमी करायची रस्त्यावर परत भरायची, ट्रॅक्टरवरच हवेची सिस्टीम बसते. पट्ट्याची सगळी कटकट वाचते. लोक पट्टा घेतात कारण पट्टा भारी दिसतो, बस.

माती_मास्तर
@रिव्हर्स_गिअर अर्धं बरोबर आहे तुमचं. हिशोब करून बघू. दोन पट्ट्यांचा ट्रॅक्टर २० टनांचा धरा, पट्टा ७५ सेंटीमीटर रुंद आणि जमिनीवर अडीच मीटर टेकलेला. दोन्ही मिळून पावणेचार चौरस मीटर झाले, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण ०.५३ किलो. आता चार पट्ट्यांचा २८ टनांचा धरा, तेवढाच रुंद, प्रत्येक पट्टा १.८ मीटर टेकलेला. ५.४ चौरस मीटर, दाब ०.५२ किलो. म्हणजे आठ टन जास्त वजन आणि सरासरी दाब तोच. आकडे समजण्यापुरते घेतलेत, कुठल्या मॉडेलचे नाहीत. टायरचा जमिनीवरचा दाब ढोबळमानाने आतल्या हवेइतका असतो, १ बार म्हणजे साधारण १ किलो. हवा ०.८ पर्यंत उतरवली तरी पट्टा पुढेच.

पण ही सगळी सरासरी आहे आणि सरासरी फसवते. पट्ट्याखाली दाब सारखा पसरत नाही, प्रत्येक रोलरच्या (पट्ट्याच्या आतल्या वजन पेलणाऱ्या छोट्या चाकाच्या) खाली दाब वाढतो आणि दोन रोलरच्या मध्ये कमी होतो. शिवाय वरच्या थरातला दाब ठरतो टेकलेल्या क्षेत्रफळावर, खोलवरचा ठरतो एकूण वजनावर. एका आसावर १० टनांच्या पुढे गेलात की पट्टा असो नाहीतर टायर, नांगराच्या तळाखालची जमीन दाबली जाणारच. आणि ती मोकळी करायला पुन्हा खोल फाळ घालायचा, म्हणजे पुन्हा मोठाच ट्रॅक्टर.

रिव्हर्स_गिअर
मग हेच तर म्हणतोय ना मी. जड ट्रॅक्टर घ्यायचा, जमीन दाबायची, ती फोडायला अजून जड घ्यायचा.

माती_मास्तर
हो, पण घसर विसरताय तुम्ही. टायरवर जड औजार ओढताना ८ ते १५ टक्के घसर चांगली धरतात, पट्ट्यावर २ ते ५ टक्क्यांत काम होतं. ओल्या चिकट जमिनीत हा फरक डिझेलमध्ये पण दिसतो आणि जमिनीच्या अंगावर पण दिसतो, घसरणारा टायर वरचा थर चोपून गुळगुळीत करतो, मग त्यातून पाणी खाली जात नाही. धागाकर्त्यांची जमीन चिकट आहे म्हणून सांगतोय, हलकी असती तर मी पण टायरच म्हणालो असतो.

नांगरट_चालू
टायरवाल्याने एक सांगा, पॉवर हॉप कधी अनुभवलाय का? जोरात ओढताना ट्रॅक्टर पुढूनमागून उड्या मारायला लागतो, ऑपरेटरची पाठ जाते. मग हवा बदला, वजनं हलवा, पुढचं कमी करा मागचं वाढवा, दिवस त्यातच जातो. पट्ट्यावर ती भानगड नाही. पट्ट्याची दुसरी भानगड आहे, आडव्या सऱ्यांवरून गेलात की लांब ताठ पट्टा आधी वर चढतो आणि मग धप्पकन पुढे पडतो. त्रिकोणी पट्टे आपापल्या आसाभोवती पुढेमागे डुलतात म्हणून क्वाडट्रॅक तिथे सुसह्य. क्लास आणि फेंट दोघांनी पट्ट्यालाच सस्पेन्शन दिलंय, क्लासचं हायड्रोन्यूमॅटिक आहे, बसून बघितलं तर खरंच कळतं.

जुनं_लोखंड
थोडं विषयांतर करतो, चालेल ना. पट्टा आला कुठून तर नेमक्या याच अडचणीतून. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळ नदीच्या मुखाकडची जमीन इतकी मऊ की वाफेचे ट्रॅक्टर त्यात रुतायचे. चाकं रुंद करत करत ट्रॅक्टर अवाढव्य झाले तरी रुतायचेच. बेंजामिन होल्टने १९०४ च्या नोव्हेंबरमध्ये मागची चाकं काढून तिथे लाकडी फळ्यांचे पट्टे बसवून चाचणी घेतली. पुढे होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र होऊन १९२५ ला कॅटरपिलर झाली. मग कितीतरी वर्षं शेतात लोखंडी साखळीचेच ट्रॅक्टर होते. रशियात वोल्गोग्राडचा डीटी ७५ तर १९६३ पासून निघाला आणि पिढ्यानपिढ्या चालला. ओढ जबरदस्त, पण रस्त्यावर नेता येत नाही, एका शेतातून दुसऱ्यात न्यायला ट्रेलर लागतो.

रबरी पट्टा जमवला कॅटरपिलरने, १९८६-८७ च्या सुमारास चॅलेंजर ६५ आणला. आत पोलादी तारा, बाहेर रबर, रस्त्यावर चालतो. दहाएक वर्षं त्यांना कुणी धड स्पर्धकच नव्हता. मग १९९६ मध्ये केसचा क्वाडट्रॅक विक्रीला आला आणि त्याच सुमारास डिअरचा ८०००टी. गंमत म्हणजे १९९७ पासून युरोपात चॅलेंजर विकायचं काम क्लासकडे होतं, तिकडे अमेरिकेत कॅटरपिलरवाले क्लासचं लेक्सिऑन हार्वेस्टर विकायचे. २००२ ला चॅलेंजर अ‍ॅगकोने घेतला, आणि फेंट अ‍ॅगकोचंच, म्हणून आज तुमच्या साहेबांच्या ब्रोशरमध्ये तो फेंटच्या रंगात आहे. म्हणजे आज फेंटसमोर उभा असलेला क्लास एकेकाळी त्याच्याच पूर्वजाचा दुकानदार होता.

काळा_धूर
एवढं वाचून एकच कळलं, डिअर तिसरा आला.

ग्रीसगन
तिसरा आला आणि आता सगळ्यात मोठं इंजिन घेऊन बसलाय ना. २०२४ चा ९आरएक्स ८३०, १८ लिटरचं इंजिन, ८३० एचपी, वर डीईएफ (धूर साफ करायला वेगळं भरायचं द्रव) पण लागत नाही त्याला. केसने पण त्याच सुमारास ७१५ काढला. ही शर्यत कुठे थांबणार देव जाणे, औजारं एवढी रुंद झालीत की शेताच्या दारातून आत जात नाहीत.

इवलासा_ट्रॅक्टर
सगळे पाचशे आठशे एचपीचेच का बोलताय? पट्टा म्हणजे मोठाच असं थोडंच आहे. कुबोटाचा पॉवर क्रॉलर बघा, पुढे टायर मागे छोटा त्रिकोणी पट्टा, भातखाचरात चालायला केलेला. यानमारचे पूर्ण पट्ट्याचे आहेत. द्राक्षबागेत उतारावर चालणारे न्यू हॉलंडचे टीके आहेत, अरुंद आणि बुटके. क्लासने अर्धा पट्टा केला म्हणून कौतुक चाललंय, पण छोट्यांच्यात ही कल्पना जुनीच आहे.

वाफसा_बघून
@इवलासा_ट्रॅक्टर बरोबर आहे, पण आमचं पेरणीयंत्र तो ओढणार नाही.

इवलासा_ट्रॅक्टर
पेरणीयंत्रच त्याला ओढत नेईल 😄

बोगी_बदलू
मी वर्कशॉपवाला, पट्ट्यांची कामं बरीच करतो, कुठल्या कंपनीची ते विचारू नका, सगळ्यांचीच येतात. ब्रँडपेक्षा ड्राइव्हचा प्रकार बघा असं माझं सांगणं. चॅलेंजर घराण्यात घर्षणावर चालणारा पट्टा, म्हणजे मागचं मोठं रबर लावलेलं चाक पट्ट्याला नुसतं घासून फिरवतं, त्यासाठी पट्टा खूप ताणलेला लागतो. क्वाडट्रॅक आणि ९आरएक्समध्ये पट्ट्याच्या आतले दात चाकात अडकतात, सायकलच्या चेनसारखं म्हणा. चिखल आत शिरला की घर्षणवाला घसरू शकतो, दातवाला घसरत नाही. पण दातवाल्याचा ताण कमी राहिला आणि वर मोठा झटका बसला तर दात चाकावरून उडी मारतो, तो आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही.

घर्षणवाल्यात पट्टा सरळ रेषेत चालतोय की नाही ते सतत बघायला लागतं. रेषा बिघडली की आतले गाइड (पट्टा जागेवर धरणारे रबरी ठोकळे) एका बाजूने घासतात, आत काळी रबराची भुकटी साचलेली दिसली की समजायचं. लोक ती भुकटी धूळ समजून झाडून टाकतात!! आणि नवीन पट्टा बसवला की पहिल्यांदा शेतात कोरड्या मातीत चालवा, गाइडवर मातीची धूळ बसू दे, तीच त्याचं वंगण. नवाकोरा पट्टा बसवून थेट रस्त्यावर लांब पळवला की गाइड तापून रबर उचकटतं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल केबिनमध्ये पिशवीतच असतं.

रस्त्यावरचा
@वाफसा_बघून रस्त्याचं विचारलं होतं ना. पट्ट्याला रस्ता मारतो, शेत नाही. डांबरावर पट्ट्याबाहेरचे रबरी उंचवटे झिजतात, वेगाने रबर आतून तापतं, मधल्या रोलरच्या रबराचे तुकडे निघतात. मागे जड ट्रॉली असेल, उन्हाचा रस्ता असेल, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण वेगात मैलोनमैल, तर पट्टा अर्ध्या आयुष्यात संपतो. रस्त्याचा मधला भाग उंच आणि कडा उतरत्या असल्या तर वजन पट्ट्याच्या एकाच कडेवर येतं, तिकडून झिजतो. आमच्याकडे एक दोन पट्ट्यांचा होता, कंपनीचं नाव घेत नाही, ट्रॉलीवर लावला आणि रोलर एकामागून एक गेले. डीलर म्हणाला तुम्ही रस्त्यावर पळवता. अरे मग रबर कशाला लावलंय त्याला!

काळा_धूर
नाव घ्या की.

रस्त्यावरचा
नाही घेणार. डीलर इथे वाचत असतो.

नांगरट_चालू
वळणाचं कुणी बोललंच नाही. दोन पट्ट्यांचा कडेला जोरात वळवला की बाहेरचा पट्टा मातीचा बांध घालून ठेवतो, पेरलेल्या कडेची वाट लागते. ओलसर चिकट जमिनीत तर बघायलाच नको. मोठं वळण घ्यायची सवय लावली तर कमी होतं, पण नवीन ऑपरेटर घाईत असतो. चार पट्ट्यांत हे जवळजवळ होत नाही. माझं मत विचाराल तर चिकट जमीन आणि ओढीचं काम असेल तर क्वाडट्रॅक, डोळे झाकून.

माती_मास्तर
@नांगरट_चालू डोळे झाकून नको. क्वाडट्रॅक जड आहे, पट्ट्यांमुळे सरासरी दाब कमी दिसतो पण खोलवरचं वजन तेवढंच राहतं. आणि पीटीओ ऐच्छिक असतो, पुढची हिच वगैरे विसरा. वर्षातले थोडे आठवडे ओढायला लागत असेल आणि बाकी वेळ उभा राहणार असेल तर महागात पडतो. ८आरएक्सचं वजन कमी, चार पट्टे, वळण साधं, बारमाही काम देतो.

काळा_धूर
मास्तर आपल्या बाजूला आले. पार्टी.

माती_मास्तर
मी बाजू घेत नाही. ८आरएक्समध्ये पट्टे चार, रोलर त्याच्या कित्येक पट, म्हणजे बेअरिंग, सील, ग्रीस सगळंच वाढलं. वर्कशॉपवाले बोगी_बदलू खूश होतील.

बोगी_बदलू
मी कायमच खूश असतो.

रिव्हर्स_गिअर
अजून एक पर्याय कुणी म्हणत नाहीये. आहे तो चाकाचाच ट्रॅक्टर ठेवा आणि बाहेरून पट्टे बसवा, सूसीचे येतात, कॅम्सोचे येतात. कॅम्सो तर मिशलिनने घेतली २०१८ ला. पावसाळी हंगामात पट्टे, बाकी वर्षभर टायर.

बोगी_बदलू
बसवतो आम्ही तसे. चालतं, पण दोन गोष्टी. टायरच्या जागी पट्ट्याचं छोटं ड्राइव्ह चाक आलं की तोच गिअर, तोच आरपीएम, आणि ट्रॅक्टर हळू चालतो, शिवाय पुढच्या मागच्याचं गुणोत्तर जुळलं पाहिजे नाहीतर एकमेकांना ओढत बसतात. दुसरं, आसावर जोर वेगळ्या जागी येतो, कंपनीला आधी लेखी विचारा नाहीतर वॉरंटीचं भांडण ठरलेलं. आणि हंगामाला काढघाल करायची म्हणजे क्रेन, माणसं, दिवस. सगळे पहिल्या वर्षी करतात, दुसऱ्या वर्षी पट्टे तसेच राहतात.

फक्त_वाचक
पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे दोन पट्ट्यांचा आहे, तक्रार नाही, पण एक गोष्ट ब्रोशरमध्ये नसते ती म्हणजे पुढची वजनं. जड औजार ड्रॉबारला (मागच्या ओढदांड्याला) लावलं की नाक वर उचललं जातं, मग सगळा भार मागच्या रोलरवर, आणि अडीच मीटर पट्ट्यातला मीटरभरच खरं काम करतो. ओढत असताना पुढे मागे वजन निम्मं निम्मं यायला पाहिजे. आम्ही औजार बदललं की वजनं बदलतो. ते न करता "पट्टा घेतला तरी जमीन दबते" म्हणणारे खूप भेटतात.

माती_मास्तर
@फक्त_वाचक वाचत बसू नका हो, लिहीत जा. वरच्या माझ्या हिशोबाला सगळ्यात मोठी दुरुस्ती हीच आहे.

जुनं_लोखंड
क्लासबद्दल राहिलं. अर्धा पट्टा असल्यामुळे वळताना पट्टा खरडत नाही, पुढची चाकं वळवतात. रस्त्यावर ४० किलोमीटरचा वेग, सस्पेन्शन चांगलं. पण पुढचे टायर मऊ जमिनीत टायरच राहतात, पुढे हिचवर काही जड लावलं की पट्ट्याचा फायदा पुढच्या आसावर संपला. ९६० म्हणजे ४४५ एचपी, तेवढ्यात तुमचं औजार बसत असेल तर ट्रॉली आणि पेरणी दोन्हीसाठी माझी पसंती हाच. खोल मशागत दिवसरात्र असेल तर नाही.

हायड्रॉलिक_होज
सगळे पट्ट्यावरच. काढणीत रात्री बेअरिंग गेलं तर कोण येणार? जवळ ज्याचं वर्कशॉप, रोलर आणि पट्टा शेल्फवर ठेवणारा डीलर ज्याचा, तो ब्रँड. माझं एवढंच.

ग्रीसगन
+१. पट्टा स्टॉकमध्ये आहे का विचारलं की "मागवून देऊ" म्हणतात. मागवून येईपर्यंत पीक आडवं.

वाफसा_बघून
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, साहेबांना अख्खा धागा वाचायला दिला. त्यांनी इतिहासाचा भाग दोनदा वाचला. चर्चा करून ट्रॉलीचं काम या ट्रॅक्टरवरून काढून टाकलंय, त्याला जुना चाकाचा ठेवतोय. रस्ता गेल्यामुळे क्लास यादीतून गेला, वाईट वाटलं. आता फेंट आणि क्वाडट्रॅक दोघांना सांगितलंय की आमच्या सगळ्यात ओल्या तुकड्यात आमचंच पेरणीयंत्र लावून दाखवा, तुमचं औजार आणू नका. @बोगी_बदलू डेमोत नेमकं काय बघू?

बोगी_बदलू
घसर स्क्रीनवर दिसते ती लिहून घ्या, दोघांचा वेग आणि खोली सारखी ठेवून. फेंटवाल्याला ओढत असताना पुढचं वजन किती ते विचारा. दोघांना कडेला तुमच्या नेहमीच्या ऑपरेटरकडून वळवून घ्या, कंपनीचा माणूस छानच वळवतो. तास दोन तास चालला की उतरून मधल्या रोलरला आणि हबला तापमानाची बंदूक लावा, एखादा बाकीच्यांपेक्षा बराच गरम असेल तर विचारा का. आणि दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन दोघांच्या मागे खड्डा खणा.

माती_मास्तर
खड्डा पट्ट्याच्या खाली एक आणि पट्ट्याच्या बाहेर एक, दोन्ही दीड हात खोल. एकच खणलात तर तुलना कशाशी करणार.

काळा_धूर
आणि डिअर?

वाफसा_बघून
त्यांना पण बोलावलंय रे. तुझं नाव सांगितलं, म्हणाले ओळखतो.